पहिली पायरी कोणी काढून नेली? डेट्रॉइटच्या तीन कारभाऱ्यांना खुलं पत्र

श्रीमती मेरी बारा, जनरल मोटर्स
श्री. जिम फार्ली, फोर्ड
श्री. अँतोनिओ फिलोसा, स्टेलँटिस (म्हणजे क्रायस्लर, डॉज, जीप, रॅमवाले)
यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्या मुलीला पहिली गाडी घ्यायची होती.

मुलगी सतरा वर्षांची. आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो, तुमच्या तिघांच्याही इथल्या कचेऱ्यांपासून तासाभराच्या आत. गेली बावीस वर्षं मी सुट्या भागांच्या धंद्यात इंजिनिअर आहे. कोणत्या कंपनीत ते सांगत नाही, कारण तुम्हीच आमचे गिऱ्हाईक. पोरीच्या अटी तीनच होत्या: गाडी छोटी हवी, तिला क्लच हवा आणि ती डेट्रॉइटवाल्यांची हवी. ही तिसरी अट माझ्यामुळे आली. लहानपणापासून मीच तिचे कान भरलेत. बजेट पंचवीस हजार डॉलर. एका शनिवारी सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो आणि चहा निवायच्या आत काम संपलं. तुम्हा तिघांकडे मिळून अशी नवी गाडी एकही नाही.

क्लच अगदीच नामशेष झालाय असं नाही. मस्टँग जीटीत मिळतो, ब्रॉन्कोत मिळतो, जीप रँग्लरमध्ये मिळतो, कॅडिलॅकच्या ब्लॅकविंगमध्ये तर फारच झकास मिळतो. पण मस्टँगचं चार सिलिंडरचं स्वस्त इंजिन घेतलं तर २०२४ च्या मॉडेलपासून गिअर फक्त ऑटोमॅटिक. पाय हलवायचा असेल तर आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाचे पैसे मोजा. म्हणजे गाडी चालवायची हौस आता चांगला पगार लागल्यावरच करायची, आणि तोवर मुलांनी फोनमध्ये बघून भूक भागवायची.

फार्लीसाहेब, फोर्ड आता कंटाळवाण्या गाड्यांच्या धंद्यातून बाहेर पडतेय, अशा अर्थाचं तुम्ही म्हणाला होतात. त्या वाक्याशी माझं भांडण आहे आणि खरं म्हणजे हे सगळं पत्र त्यासाठीच आहे. पहिली गाडी कंटाळवाणीच असते हो. आणि तुमच्या ज्या गाड्यांचे पोस्टर पोरं भिंतीवर लावायची, त्यातली जवळजवळ प्रत्येक गाडी कुठल्या तरी कंटाळवाण्या गाडीच्या पोटी जन्मली आहे. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्डच्या ली आयाकोकांनी मस्टँग उभी केली, किंमत २,३६८ डॉलर. तिच्या अंगाखाली काय होतं? फाल्कन. बाजाराच्या पिशव्या वाहणारी, सरळमार्गी फाल्कन. त्याच सुमारास जनरल मोटर्सच्या पाँटिअॅकमध्ये जॉन डीलोरियन आणि त्यांच्या इंजिनिअर मंडळींनी साध्या टेंपेस्टमध्ये ३८९ घनइंचांचं मोठं इंजिन बसवलं आणि जीटीओ झाली. (फार्लीसाहेब, तुमचे आजोबा फोर्डमध्ये कर्मचारी क्रमांक ३८९ होते म्हणे. योगायोग, पण मला गंमत वाटते.) कॅमेरो आणि नोव्हाचं हाडपेर एकच. चार्जर कोरोनेटवरून आलेली. घरची साधी गाडी घ्यायची, इंजिन मोठं करायचं, स्प्रिंगा कडक करायच्या, दोन पट्टे ओढायचे, की झाली तरुणांची गाडी. फोकस एसटी, फिएस्टा एसटी, कोबाल्ट एसएस, निऑनची एसआरटी-४ ही अलीकडची उदाहरणंही त्याच कुळातली. घरातली साधी गाडीच काढून टाकली तर पोरानं छेडायचं कशाला?

आणि तुम्ही ती काढलीत. एप्रिल २०१८ मध्ये फोर्डने सांगितलं की उत्तर अमेरिकेत मस्टँग सोडून बहुतेक सगळ्या साध्या गाड्या बंद. फ्यूजन त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत दोन लाखांच्या वर खपली होती. २०१८ च्याच नोव्हेंबरमध्ये जनरल मोटर्सने क्रूझ, इम्पाला, व्होल्ट यांच्यावर फुली मारली. डिसेंबर २०२३ हा महिना तर एकामागून एक तिरड्या उठाव्यात तसा गेला: कॅमेरो, चॅलेंजर, जुनी चार्जर आणि क्रायस्लर ३००. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मॅलिबू गेली. तीही लाखाच्या वर खपणारी होती. ज्या क्रायस्लरने एके काळी सगळ्या डेट्रॉइटला गाडीच्या मागच्या शेपटीसारख्या पात्यांच्या चढाओढीत ओढलं, त्या क्रायस्लरच्या नावावर आज फक्त मिनीव्हॅन उरली आहे.

"लोकांना सेडान नकोच आहेत," हे उत्तर मी इतक्या मीटिंगांत ऐकलंय की ते आता मला पाठ आहे. मग २०२४ मध्ये टोयोटाने तीन लाखांहून जास्त कॅमरी कोणाला विकल्या? दोन-दोन लाखांच्या वर सिव्हिक आणि कोरोला कोणी घेतल्या? कॅमरी केंटकीत बनते, कोरोला मिसिसिपीत. म्हणजे मजूर अमेरिकेतलेच, रस्ते तेच, गिऱ्हाईकही तेच. तुम्हाला सेडानमध्ये पिकअपइतका नफा सुटत नव्हता, एवढंच खरं आहे, आणि ते सरळ सांगितलं असतंत तर माझा राग निम्मा झाला असता.

बाराबाई, तुमच्याच कंपनीत आल्फ्रेड स्लोन नावाचे गृहस्थ होऊन गेले. १९२४ मध्ये त्यांनी सूत्र मांडलं: प्रत्येक खिशाला आणि प्रत्येक गरजेला एक गाडी. पोरगा पहिल्या पगारात शेव्हर्ले घेईल, बढती झाली की पाँटिअॅक, मग ओल्ड्समोबिल, मग ब्यूइक, आणि निवृत्तीच्या वेळी दारात कॅडिलॅक. जिन्याला पायऱ्या होत्या. ओल्ड्समोबिल २००४ ला गेली, पाँटिअॅक २०१० ला. फोर्डची मर्क्युरी गेली, क्रायस्लरची प्लायमाउथ त्याच्याही आधी. आता तळाचीही पायरी काढलीत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत नव्या गाडीची सरासरी किंमत पहिल्यांदा पन्नास हजार डॉलरच्या वर गेली. तुम्ही स्वतः १८ व्या वर्षी पाँटिअॅकच्या कारखान्यात फेंडर आणि बॉनेट तपासायला लागलात, तुमचे वडील त्याच पाँटिअॅकमध्ये आयुष्यभर डाय बनवत होते. आज त्या वयाची मुलगी तुमच्या कारखान्यात लागली, तर तिने स्वतःच्या पगारात तुमची कोणती नवी गाडी घ्यावी? शेव्हर्लेची छोटी एसयूव्ही ट्रॅक्स घेता येईल. ट्रॅक्स चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. पण ती कोरियाहून बोटीने येते, आणि तिच्यात क्लच नाही.

आता चेहऱ्यांकडे वळतो, कारण खरी कळ तिथे येते.

हार्ली अर्ल १९२७ मध्ये जनरल मोटर्समध्ये आला. त्याआधी तो लॉस एंजेलिसमध्ये सिनेमावाल्यांच्या गाड्यांची अंगं घडवायचा. मातीचा पूर्ण आकाराचा नमुना करून त्यावर गाडीची रेघ ठरवायची पद्धत डेट्रॉइटमध्ये त्याने रुजवली. मी जेव्हा पहिल्यांदा एका डिझाइन स्टुडिओत तसा मातीचा नमुना पाहिला, तेव्हा मला पेणची आठवण झाली. तिथल्या मूर्तिकाराला सोंडेचं वळण सुतभर चुकलं तरी खटकतं. इथेही पट्टी घेऊन बसलेला माणूस फेंडरवरून तळहात फिरवत होता, डोळे मिटून. ती कला अजून तुमच्याकडे आहे. अर्ल म्हणायचा की अमेरिकन गाडी लांब करायची आणि बसकी करायची, एवढाच आपला आयुष्यभराचा उद्योग. लढाऊ विमानाची शेपटी पाहून १९४८ च्या कॅडिलॅकला शेपट्या फुटल्या त्या त्याच्याच हाताखाली. त्याच्यानंतर बिल मिचेल आला आणि १९६३ ची कॉर्व्हेट स्टिंगरे झाली, मागची काच मधोमध दुभंगलेली. त्या काचेतून मागचं नीट दिसायचं नाही, म्हणून ती एका वर्षातच गेली. पण साठ वर्षं झाली तरी लोक तिच्यापाशी थबकतात.

आणि आज? लांब आणि बसकी सोडून तुम्ही उंच आणि रागीट हा मार्ग धरलात. दिव्यांच्या जागी दोन चिरा, खरे दिवे खाली बंपरात कुठेतरी. जाळी एवढी की तिच्यात दार बसवता येईल, आणि गंमत म्हणजे ज्या विजेच्या गाडीला एवढ्या हवेची गरजच नाही, तिलाही खोटी जाळी. पार्किंगमध्ये तुमच्या पिकअपच्या पुढे उभं राहिलो की बॉनेट माझ्या छातीला लागतं. माझी बायको पाच फूट एक इंच आहे. तिचं काय लागतं ते विचारू नका. हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयआयएचएस या सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. चाळीस इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्या, तीस इंच किंवा कमी उंचीच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांच्या तुलनेत, धडक झालेल्या पादचाऱ्याचा जीव घेण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त.

सगळा दोष तुमचाच आहे असं म्हणणारा मी नव्हे. इंधनाचे नियम गेली कित्येक वर्षं चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरत आलेत. गाडी जितकी मोठी तितकी सवलत, आणि "हलका ट्रक" म्हणून तिची नोंद झाली तर आणखी सवलत. छोटी, हलकी गाडी बनवणाऱ्याला कायदाच चिमटा काढत आला. त्यात तो चिकन टॅक्स! युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली म्हणून १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के कर, आणि कोंबड्यांचं भांडण कोणाच्या लक्षातही नसताना तो अजून तसाच. त्या कुंपणाच्या आत तुम्ही साठ वर्षं पिकअप विकून गुटगुटीत झालात. नियम वाकडे आहेत, मान्य. पण ते लिहिले जात असताना तुमचे वकील त्या खोलीत होतेच ना?

तुमच्याकडे माणसं नाहीत असंही नाही, उलट हेच जास्त चिडवणारं आहे. २०२५ मध्ये कॉर्व्हेट झेडआर१एक्सने जर्मनीतल्या न्यूर्बर्गरिंग या शर्यतमार्गाची फेरी सात मिनिटांच्या आत मारली. १,२५० अश्वशक्ती, आणि स्टेअरिंगवर कोणी भाडोत्री शर्यतबाज नव्हता, कंपनीचाच इंजिनिअर होता. मस्टँग जीटीडीही तिथे सात मिनिटांच्या आत धावली. तिची किंमत मात्र सव्वातीन लाख डॉलर. ते आकडे वाचून मलाही मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू. पण ज्या इंजिनिअरांना हे जमतं, त्यांना बावीस हजारांत एक हसरी, हलकी, क्लचवाली गाडी जमणार नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. त्यांना कोणी सांगतच नाही.

इथे मीटिंगांत एक शब्द देवाच्या नावासारखा घेतला जातो: टेक रेट. शंभरातल्या किती गिऱ्हाइकांनी अमुक गोष्ट मागितली, तो आकडा. क्लचचा टेक रेट पाच टक्के, काढा. हॅचबॅकचा आठ, काढा. पण क्लचवाली गाडी डीलरच्या आवारात उभीच नसेल तर टेक रेट येणार कुठून? आधी पानात वाढायचं नाही, आणि मग पाहुण्याला भूक नव्हती म्हणायचं.

मग उरलेल्या जागी येतं ते सोंग. फार्लीसाहेब, नोव्हेंबर २०१९ मध्ये विजेवरच्या एका एसयूव्हीला मस्टँग हे नाव दिलंत. ती गाडी वाईट नाही. नाव उसनं आहे. बाराबाई, तुम्ही जुन्या ब्लेझरच्या नावाचंही तेच केलंत. आणि स्टेलँटिसने तर कमाल केली: विजेच्या चार्जर डेटोनाला ध्वनिक्षेपकांची पेटी लावून व्ही-८ चा आवाज काढायला लावला. लग्नात बँड परवडला नाही म्हणून मोबाइल लावावा तसं झालं. विजेची गाडी शांत असते, तीच तिची ऐट आहे. ज्याने हे सुचवलं त्याला ना वीज आवडत असणार, ना व्ही-८. फिलोसासाहेब, हे तुमच्या आधीच्यांचं पाप आहे, मला माहीत आहे. रॅम पिकअपमधून हेमी हे व्ही-८ इंजिन काढणं ही चूक झाली, हे तुमच्या लोकांनी २०२५ मध्ये जाहीरपणे कबूल केलं आणि इंजिन परत आणलं. चूक कबूल करणारा मोठा साहेब या गावात मी पहिल्यांदा पाहिला. त्याबद्दल मनापासून दाद देतो, आणि लगेच विचारतो की मग पन्नास हजारांच्या खालच्यांनी काय करायचं?

पडद्यांबद्दल थोडक्यात. लिंकन नॉटिलसमध्ये ४८ इंचांचा पडदा, एस्कलेडमध्ये ५५ इंचांचा. आमच्या दिवाणखान्यातला टीव्ही याहून लहान आहे. मागच्या जानेवारीत मी एक गाडी भाड्याने घेतली होती, कोणाची ते सांगत नाही. बाहेर उणे अठरा, पडदा गोठलेला, आणि काचेवरचं धुकं घालवायचं बटण त्या पडद्याच्या आत. महामार्गाच्या कडेला थांबून हातमोज्याने काच पुसली. ज्याने ती रचना मंजूर केली तो बहुधा कॅलिफोर्नियात राहत असावा.

आणि बाराबाई, एक गोष्ट अजून घशाखाली उतरत नाही. तुमच्या गाड्यांनी लोकांच्या चालवण्याचा हिशेब ठेवला, कोणी किती जोरात ब्रेक मारला, कोण रात्री उशिरा फिरला, आणि तो हिशेब अशा कंपन्यांकडे गेला ज्या तो विमेवाल्यांना पुरवतात. मार्च २०२४ मध्ये हे वर्तमानपत्रात आलं, जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने असा हिशेब त्या कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांच्या बंदीचा आदेश मांडला. गाडी माझी, हप्ता माझा, ब्रेक माझा, आणि चुगली तुमची. त्याच वर्षी ६.२ लीटरच्या व्ही-८ ची सुमारे सहा लाख वाहनं एकट्या अमेरिकेत परत बोलवावी लागली, क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगच्या दोषासाठी. ज्यांची इंजिनं तपासणीत पास झाली त्यांना जाड ऑइल घालून आणि वॉरंटी वाढवून घरी पाठवलंत. आमच्याकडे सोलापूर रस्त्यावरचा कोणताही मेकॅनिक सांगेल की जाड ऑइल कधी घालतात: गाडी विकायच्या आदल्या दिवशी. फोर्डबद्दल काय बोलावं? एका वर्षात सर्वाधिक रिकॉलचा विक्रम २०१४ पासून जनरल मोटर्सच्या नावावर होता, ७७ चा. २०२५ अर्धं सरायच्या आतच फोर्डने तो मोडला.

तुम्ही म्हणाल, या मराठी माणसाचा एवढा काय संबंध. आहे हो. भारतातली पहिली मोटार जुळणी मुंबईत शिवडीला झाली, १९२८ मध्ये, आणि ती शेव्हर्लेची होती. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमिअरमध्ये डॉज आणि प्लायमाउथ जुळायच्या. माझे आजोबा तिथे फिटर होते. आमच्या चाळीत कोणी नवे कपडे घालून निघाला की म्हातारे विचारायचे, "काय, इम्पाला आणलीस का?" त्यातल्या एकानेही इम्पालात पाऊल ठेवलं नव्हतं. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला तेव्हा माझ्या वर्गातले दोघे तिथे लागले होते. २०१७ संपताना भारतातली विक्री बंद, २०२० संपताना कारखाना बंद. आता तिथे ह्युंदाई आहे. फोर्डनेही २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं सांगितलं. मागणी कमी दिसली की गाठोडं बांधायचं, हा तुमचा स्वभाव आम्हाला तिकडूनही ठाऊक आहे.

"गाडीवेडे पत्रं लिहितात, गाड्या विकत घेत नाहीत," असंही तुमच्यात म्हणतात. त्यात तथ्य आहे. मी स्वतः आज एक करडी, उंच, निरुपद्रवी एसयूव्ही चालवतो, कारण बर्फ पडतो आणि सासू-सासरे सहा महिने इथे असतात. पण मंडळाच्या गणपतीत आरती संपली की प्रसादाच्या रांगेत निदान चारजण मला विचारतात, "भाऊ, पोराला कोणती गाडी घेऊ?" मी उत्तर देतो, आणि ते तीच घेतात. गेल्या आठ-दहा वर्षांत त्या उत्तरात तुमच्यापैकी कोणाचंही नाव आलेलं नाही. हा टेक रेट तुमच्या कोणत्याही तक्त्यात नसेल.

मागणं फार नाही. प्रत्येकाने एक साधी गाडी करा, इथे बनणारी, तीस हजारांच्या पुष्कळ खाली, आणि तिच्या सगळ्यात स्वस्त इंजिनाला क्लच द्या. फोर्ड २०२७ मध्ये लुइव्हिलहून तीस हजारांच्या आसपास विजेचा पिकअप आणणार आहे. आला की मी पहिल्या आठवड्यात बघायला जाईन. पण फोर्डच्याच मॅव्हरिक या छोट्या पिकअपचं काय झालं ते आठवतं. २०२२ च्या मॉडेलला वीस हजारांच्या आत होती, लोकांच्या उड्या पडल्या, आणि तीन वर्षांत ती सव्वीस हजारांच्या पुढे गेली. लोकांनी प्रेम केलं याचा दंड लोकांनाच.

मुलीच्या गाडीचं सांगायचं राहिलं. शेवटी वापरलेली फोकस एसटी मिळाली, २०१६ ची, केशरी, बजेटच्या पुष्कळ आत. २५२ अश्वशक्ती, सहा गिअर, आणि ऑटोमॅटिक हा पर्यायच नसलेली. ही गाडी आमच्या घरापासून अर्ध्या तासावरच्या वेनच्या कारखान्यात बनली आहे. त्याच छपराखाली आता ब्रॉन्को आणि रेंजर बनतात.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही ती घेऊन वुडवर्डला गेलो. तुम्हाला ते दृश्य सांगायला नको. १९९५ पासून जवळजवळ दरवर्षी सगळं डेट्रॉइट फुटपाथवर खुर्च्या टाकून बसतं आणि जुन्या गाड्या रांगत जातात. फर्नडेलच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला आणि पोरीचा क्लच सुटला. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. तिचे कान लाल. मागे साठच्या दशकातली काळी चार्जर होती, तिच्यात पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा. त्याने हॉर्न वाजवला नाही. खिडकीतून हात बाहेर काढून दोन बोटं हलवली, सावकाश घे म्हणून. तिने पुन्हा किल्ली फिरवली.

आपला,
नोव्हायचा एक मराठी गाडीवेडा